गाड्यांचा तळ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, अरबी समुद्राच्या अगदी काठावर, कुणकेश्वर हे गाव वसलेले आहे. शिवाच्या मंदिराला लागून वाळू आणि वाळूला लागून समुद्र, अशी या स्थानाची रचना आहे. ‘कणक’ म्हणजे बांबू. बांबूच्या बेटात प्रकट झाला म्हणून तो कुणकेश्वर, असे गावकरी सांगतात. मंदिराविषयी आणखी एक आख्यायिका त्या किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी आहे. एका परदेशी व्यापाऱ्याचे गलबत रात्रीच्या वेळी वादळात सापडले. किनारा कोणत्या बाजूला आहे हे कळेना. इतक्यात दूरवर एक दिवा मिणमिणताना दिसला आणि त्याच्या रोखाने गलबत सुखरूप काठाला लागले. तो दिवा शंकरापुढचा होता, आणि त्या व्यापाऱ्यानेच पुढे येथे देऊळ बांधले, अशी ही कथा आहे. ती कितपत खरी हे सांगणे कठीण. परंतु अनोळखी मुलखात अंधारात वाट चुकलेल्या माणसांना एका खुणेचा किती आधार वाटतो, हे मात्र तिच्यात फार चांगले सांगितले आहे.

माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, येथे मोठी यात्रा भरते. दक्षिण कोकणची काशी म्हणून या क्षेत्राची ख्याती असल्यामुळे आसपासच्या तालुक्यांतूनच नव्हे, तर घाट उतरूनही लोक येतात. गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या, पालख्या आणि तरंग घेऊन, वाजतगाजत पायी येतात व अमावास्येच्या सुमारास समुद्रस्नान करून परततात. आज यात्रेकरूंसाठी एस. टी.च्या जादा गाड्या सुटतात आणि सकाळी निघालेला मनुष्य दर्शन घेऊन संध्याकाळी घरी पोहोचतो. परंतु मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी ही यात्रा म्हणजे तीन-चार दिवसांचा प्रवास असे, आणि तो बहुधा बैलगाड्यांतून होत असे.

त्या प्रवासाची तयारी आठ-दहा दिवस अगोदर सुरू होई. प्रथम गाडीची तपासणी. चाकाचे आरे हलतात काय, लोखंडी धाव सैल झाली आहे काय, आसाला चीर गेली आहे काय, हे जाणता गाडीवान हाताने चाचपून पाही. उन्हाने लाकूड आकसते आणि धाव निसटू लागते. म्हणून निघण्यापूर्वी चाके रात्रभर पाण्यात भिजत ठेवीत. वंगणाचे नळकांडे गाडीच्या साट्याखाली लटकवलेले असे. मग सामान चढे. उकडे तांदूळ, कुळीथ, उपासासाठी वरी आणि रताळी, नारळ, कोकम, मोठी तपेली, घागरी, दोर आणि पोहरा. सगळ्यांच्या खाली पेंढ्याचा जाड थर अंथरलेला असे. हा पेंढा जाताना मुलांची गादी होई आणि मुक्कामावर बैलांची वैरण! त्यामुळे परत येताना गादी पातळ होत जाई व खडकाळ वाटेचा प्रत्येक दगड मुलांना मोजता येई.

एकटी गाडी सहसा कोणी काढीत नसे. एका वाडीच्या चार-सहा गाड्या एकत्र निघत. वाट ठाऊक असलेले वयस्क बैल पहिल्या गाडीला जुंपीत, आणि सर्वांत अनुभवी गाडीवान शेवटच्या गाडीवर बसे. मागे पडलेल्याची खबर पुढे कळली पाहिजे, म्हणून ही योजना होती. चढण तीव्र असली की एका गाडीच्या बैलांपुढे दुसऱ्या गाडीची जोडी लावून ती वर घेत. मग चारही बैल सोडून खाली आणीत व दुसरी गाडी चढवीत. उतारावर बाप्ये खाली उतरून मागून गाडीला ओढून धरीत. आस मोडला तर सामान इतर गाड्यांत वाटले जाई आणि कोणाचीही यात्रा चुकत नसे. एवढ्यासाठीच तर सोबत हवी. बैलाची चाल तासाला जेमतेम एक कोस. तेव्हा ऊन टाळून पहाटे व रात्री चालावे, हे उत्तम. मात्र शिवरात्रीच्या सुमाराच्या रात्री काळोख्या असतात. साट्याखाली बांधलेल्या कंदिलाचा पिवळा झोका आणि पुढच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज, एवढ्याच आधारावर मागची गाडी चाले.

या प्रवासात खरी चिंता असे ती पाण्याची. कोकणात पाऊस उदंड पडतो. परंतु माघ महिन्यात सड्यावर पाण्याचा थेंब मिळत नाही. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उंच माळरान. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपून दरीतल्या झऱ्यांना मिळते आणि वरचे रान दिवाळीनंतर थोड्याच अवधीत करपून जाते. म्हणून गाड्यांचे मुक्काम अंतरावर ठरत नसत, पाण्यावर ठरत. सडा उतरल्यावर वहाळाच्या काठी, एखाद्या वडाखाली किंवा विहिरीजवळ गाड्या सुटत. विहिरीला त्या भागात ‘बाव’ म्हणतात. प्रथम बैलांना पाणी दाखवायचे, नंतर माणसांनी प्यायचे, असा शिरस्ता होता. त्याचे कारण केवळ भूतदया नव्हते. बैल बसला तर सगळेच बसले, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

कुणकेश्वरी पोहोचल्यावर माडांच्या सावलीत आणि वाळूच्या कडेला तळ पडे. गाड्या अर्धवर्तुळात लावीत, बैल आतल्या बाजूला बांधीत, तीन दगडांची चूल मांडीत, आणि गाडीवर चटई किंवा ताडपत्री टाकली की घर तयार होई. समोर एवढा अफाट समुद्र; पण प्यायला त्यातले ओंजळभर पाणीही उपयोगी नाही! येथे किनाऱ्यालगतच्या विहिरींची गोष्ट मोठी पाहण्यासारखी असते. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहते. विहीर या वरच्या थरापुरतीच खोल असली आणि हळूहळू पाणी काढले, तर समुद्रापासून काही पावलांवरही गोड पाणी मिळते. परंतु घाईने सपाटून उपसा केला, तर गोड्या पाण्याचा थर संपून खालचे खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. ती पुन्हा गोड होण्यास दिवस लागतात. यात्रेत हजारो माणसे एकाच पाण्यावर जगायची असली म्हणजे एकाच्या हावरेपणाचे फळ सर्वांना चाखावे लागते. म्हणून जुनी माणसे विहिरीवर उभी राहून पोहरे मोजून देत, यात नवल नाही.

अमावास्येला सूर्य व चंद्र एकाच दिशेने समुद्राचे पाणी ओढतात आणि उधाणाची भरती येते. जशी भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. त्या वेळी पाणी इतके मागे हटते की एरवी लाटांखाली असणाऱ्या खडकांवरची शिवलिंगे उघडी पडतात. लोक ती पाहण्यास जातात. पण भरतीची वेळ ठाऊक असलेला कोळी बरोबर असल्याशिवाय शहाणा मनुष्य फार पुढे जात नाही. किनाऱ्यावरच्या दुकानांतून खाजे घ्यावे, मुलांना एखादी पिपाणी घ्यावी, देवांचे स्नान पाहावे, आणि मग बैलांना पोटभर पाणी पाजून परतीच्या वाटेला लागावे, असा क्रम असे.

कुणकेश्वराहून किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना मिठबाव, मुणगे ही गावे लागतात आणि त्यांच्या पुढे मालवण तालुक्यातील आचरे येते. उघड्यावर समुदायाने राहण्याची कला या भागातील लोकांना किती अवगत आहे, हे पाहावयाचे असेल, तर आचऱ्याची गावपळण पाहावी. ठराविक वर्षांनी, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन, सबंध गाव तीन दिवस आणि तीन रात्री घरे सोडून वेशीबाहेर राहावयास जातो. घरात म्हातारे माणूस राहत नाही की तान्हे मूल राहत नाही. गुरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे, सगळी बरोबर निघतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद त्यात नसतो. गाव म्हणजे गाव! वेशीपलीकडे माळावर, नदीकाठी, बांबू व माडाच्या झावळ्या यांच्या झोपड्या उभ्या राहतात. एरवी ज्यांची घरे एकमेकांपासून लांब आहेत, त्यांच्या चुली शेजारी शेजारी पेटतात. रात्री भजने होतात, फुगड्या होतात, आणि घरी ज्या मुलांना दिवा लागताच झोप येते ती येथे मध्यरात्रीपर्यंत जागी असतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो व लोक गावात परततात. आसपासच्या आणखीही काही गावांत ही प्रथा आहे. तिचा उगम कशात असावा, याविषयी निरनिराळी मते आहेत. साथीच्या काळात वस्ती मोकळी ठेवण्याची जुनी रीत यामागे असावी, असेही काही जण म्हणतात. कारण कोणतेही असो. तीन दिवसांना किती लाकूड पुरते, पाणी कोठून आणावे, आजाऱ्याला कोठे निजवावे आणि निघताना जागा कशी झाडून ठेवावी, याचे ज्ञान तेथील दहा वर्षांच्या मुलालाही असते. हे ज्ञान पुस्तकातून लवकर येत नाही.

बैल, गाड्या, सोबत आणि पाणी यांची हीच गणिते माणसांना जगाच्या दुसऱ्या भागातही सोडवावी लागली आहेत. आफ्रिकेच्या दक्षिण भागात कालाहारी नावाचा विस्तीर्ण कोरडा प्रदेश आहे. तो सहारासारखा उघडा वाळवंटी मुलूख नाही. तेथे गवत आहे, काटेरी झुडपे आहेत, हत्ती, झेब्रे व सिंह आहेत. पण वर्षातील बराच काळ जमिनीवर पाणी दिसत नाही. या प्रदेशाच्या उत्तरेस एक मोठे सरोवर आहे, अशी वार्ता दक्षिणेकडच्या लोकांत होती. १८४९ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी, विल्यम कॉटन ऑझवेल व मुंगो मरे या दोन सोबत्यांसह ते पाहावयास निघाला. यांपैकी ऑझवेल हा काही वर्षे आपल्या देशात, मद्रास इलाख्यात, कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्यांच्याबरोबर छपराच्या मोठ्या बैलगाड्या, ८० बैल, २० घोडे आणि सुमारे तितकीच माणसे होती. १ जून १८४९ रोजी कोलोबेंग या गावाहून हा तांडा हलला. जूनमध्ये तेथे हिवाळा असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. दिवस सुसह्य, पण रात्री थंडी कडक.

वाळू इतकी मऊ होती की चाके खोल रुतत आणि गाड्या मोठ्या कष्टाने पुढे सरकत. काही दिवसांनी ते सेरोत्ली नावाच्या ठिकाणी पोहोचले. येथे पाणी आहे असे सांगितलेले होते. प्रत्यक्षात वाळूने भरलेले खळगे तेवढे दिसत होते. बरोबरच्या लोकांनी फावड्यांनी व हातांनी ते खणण्यास आरंभ केला. पुरुषभर खोलीवर ओल लागली. तिच्या खाली कठीण थर होता, आणि येथे माहितगारांनी कडक सूचना दिली, की तो थर फोडू नका. फोडला तर पाणी खाली निघून जाईल व पुन्हा मिळणार नाही. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरील विहिरीसारखाच हा प्रकार होता. तेथे खालून खारे पाणी वर येण्याची भीती, येथे गोडे पाणी खाली जाण्याची! पहिल्या संध्याकाळी जमलेले पाणी घोड्यांनाच कसेबसे पुरले. तेव्हा बैलांना मागच्या पाणवठ्याकडे परत धाडावे लागले. चार दिवस त्या मुक्या जनावरांच्या तोंडात पाणी पडले नव्हते. घोडे मात्र ठेवून घेतले. कारण शिकार करून एवढ्या माणसांचे पोट भरावयाचे, तर घोडे हवेत. हळूहळू झरे मोकळे झाले, खळग्यांत पाणी वाढले, बैल परत आले, आणि तांडा पुढे निघाला.

या रानात सान लोक राहतात. बाहेरच्या लोकांनी त्यांना बुशमन असे नाव दिले होते. ज्या ठिकाणी परक्याला फक्त वाळू दिसते, तेथे त्यांना पाणी सापडते. लांब बोरूच्या टोकाला गवताचा बोळा बांधून ते तो खळग्यात पुरतात, वर ओली वाळू दाबून बसवतात, आणि बोरूला तोंड लावून पाणी ओढून घेतात. ओढलेले पाणी काडीवरून शहामृगाच्या अंड्याच्या रिकाम्या कवचात उतरवितात. एकेक बाई अशी वीस-तीस कवचे जाळीत घालून पाठीवरून नेत असे. शत्रूच्या भीतीने हे पाणवठे ते वाळूने झाकून ठेवीत व त्यांवर चूल पेटवीत. त्यामुळे कोणी जवळून गेला, तरी त्याला पत्ता लागत नसे.

पुढच्या प्रवासात वाटाड्याचीही वाट चुकली. पाणी संपत आले. अशा स्थितीत ऑझवेलला गवतातून वाकून पळत असलेले काहीतरी दिसले. सिंह असावा, अशा समजुतीने त्याने घोडा भरधाव सोडला व ते अडविले. पाहतो तो एक सान स्त्री! आपण पकडले गेलो, असे समजून बिचारीने जवळ होते नव्हते ते, म्हणजे दोरीचे काही फासे, त्यांच्यापुढे ठेवले. लिव्हिंग्स्टनला तिकडची सेत्स्वाना भाषा येत होती. आम्हांला दुसरे काही नको, फक्त पाणी दाखव, त्याचा मोबदला देऊ, असे त्याने तिला समजाविले. दिवस कलला होता. तरीही ती घोड्यांच्या पुढे झपझप आठ मैल चालली आणि तिने न्चोकोत्सा येथील झरा दाखविला. अंधार पडल्यामुळे तिने रात्री तेथेच राहावे, अशी त्यांची इच्छा होती. पण आपण अजून कैदेतच आहोत, हा तिचा ग्रह गेला नव्हता. तेव्हा त्यांनी तिला मांस व मण्यांचा मोठा घोस दिला. मणी पाहताच ती खळखळून हसली व निःशंक मनाने राहिली. या शोधाबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने लिव्हिंग्स्टनला पुढे २५ गिनींचे पारितोषिक दिले. पाणी दाखविणाऱ्या बाईचे नाव त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलेले नाही. खरे पाहता ‘शोध’ हा शब्दही जपूनच वापरावयास हवा. कारण त्या सरोवराच्या काठी माणसे पिढ्यान् पिढ्या नांदत होती.

न्चोकोत्सा येथेच एक चमत्कारिक प्रसंग घडला. दाट झाडीच्या पट्ट्यातून बाहेर पडताच त्यांना समोर, मावळत्या सूर्याच्या निळसर धुरकट प्रकाशात, पाण्याचा अफाट विस्तार दिसला. ऑझवेलने आनंदाने टोपी हवेत उडविली आणि मोठ्याने आरोळी ठोकली. त्या बाईला व बरोबरच्या आफ्रिकी गड्यांना वाटले, या गृहस्थाला वेड लागले! लिव्हिंग्स्टन थोडा मागे होता. त्याचीही तशीच फसगत झाली. सरोवर गाठले, असे दोघांना वाटले. वास्तविक ते सुमारे २० मैल घेराचे कोरडे मिठागर होते. खरे सरोवर तेथून ३०० मैलांहून अधिक दूर होते. पुढील काही दिवस हा खेळ असाच चालू राहिला. दुपारच्या वेळी पांढऱ्या जमिनीवर लाटा हलताना दिसत, झाडांची प्रतिबिंबे उमटत, आणि तहानलेले घोडे व कुत्री त्या नसलेल्या पाण्याकडे धाव घेत.

या भासाला मृगजळ म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. तापलेल्या जमिनीला लागून असलेली हवा फार गरम व विरळ होते. तिच्यावरची हवा तुलनेने थंड व दाट असते. आकाशाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश या थरांतून जाताना वाकतो आणि जमिनीला न पोहोचता पुन्हा वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतो. डोळ्याला मात्र तो सरळ जमिनीवरून आल्यासारखा वाटतो. म्हणजे आपल्याला आकाशाचाच तुकडा खाली पडलेला दिसतो, आणि मन त्याला पाणी समजते. चैत्र-वैशाखात डांबरी रस्त्यावर दिसणारे ओले डबके याच जातीचे. मिठाची जमीन सपाट, उघडी आणि कोसच्या कोस पसरलेली. तेव्हा तेथे या भासाला पुरेसा वाव मिळतो.

४ जुलै रोजी तांडा एका मोठ्या नदीच्या काठी पोहोचला. लिव्हिंग्स्टनने तिला झौगा म्हटले आहे. आज ती बोतेती या नावाने ओळखली जाते. बैलांना पाणी मिळाले आणि पुढची वाट नदीकाठाने सोपी झाली. थकलेल्या बैलांना व बहुतेक गाड्यांना मागे ठेवून, सर्वांत लहान गाडी तेवढी घेऊन, १ ऑगस्ट १८४९ रोजी ते न्गामी सरोवराच्या तीरावर उभे राहिले.

हा प्रदेश आज बोट्स्वाना या देशात आहे. १९६६ साली हा देश स्वतंत्र झाला. लिव्हिंग्स्टनला वाटेत भेटलेले मिठागर हे ज्या मोठ्या क्षारभूमीच्या परिसरातले, तिला माकगाडीकगाडी म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी येथे एक प्रचंड सरोवर होते. नद्यांनी मार्ग बदलले, हवामान कोरडे होत गेले, पाणी आटले आणि त्यातील क्षार मागे राहिले. आपल्याकडे शिरोड्याच्या मिठागरात जे काम माणूस वाफे बांधून व समुद्राचे पाणी आत घेऊन करतो, ते येथे सूर्याने व वाऱ्याने एकट्याने केले आहे. सोवा व न्त्वेत्वे ही तिची दोन मोठी मैदाने. दोन्ही मिळून ती सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दुपटीहून विस्तीर्ण आहेत. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, त्यांवर उथळ पाणी साचते व रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे तेथे घरटी करावयास उतरतात. झेब्र्यांचे कळप त्या दिवसांत क्षारभूमीच्या भोवतालच्या गवतावर चरतात आणि कोरड्या ऋतूत बोतेती नदीकडे परततात.

आता या मैदानांवर बैलगाड्या जात नाहीत. देशोदेशीचे प्रवासी गट करून, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या मोटारी स्वतः हाकीत येथे येतात आणि रात्री तंबूत राहतात. कुणकेश्वरच्या यात्रेतील जुना गाडीवान जर त्यांच्यात जाऊन बसला, तर त्यांचे बोलणे त्याला अपरिचित वाटणार नाही. एकटी मोटार न्यावयाची नाही. दोन तरी असाव्यात. पाणी माणशी मोजून, आणि वर काही दिवसांचे अधिक, घ्यावयाचे. पाहरा व दोर हाताशी ठेवावयाचा. वाळू लागली की चाकांतील हवा थोडी कमी करावयाची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. सर्वांत मोठा धोका मिठाच्या सालीचा. वरून ती फरशीसारखी टणक व कोरडी दिसते. परंतु तिच्याखाली पुष्कळ ठिकाणी ओला, चिकट चिखल असतो. साल फुटली की मोटार आसापर्यंत खाली जाते. आसपास झाड नाही, दगड नाही. दोर बांधावा तरी कशाला? अशा वेळी दुसरी मोटार आणि तीही दूर, पक्क्या जमिनीवर थांबलेली, हाच एक उपाय. त्यामुळे पूर्वी गेलेल्या चाकोरीतूनच जाण्याचा दंडक आहे. त्याला दुसरेही कारण आहे. या सालीवर उमटलेली चाकाची खूण वर्षानुवर्षे पुसली जात नाही. एखाद्याने गंमत म्हणून काढलेली वळणे पुढे येणाऱ्या कित्येकांना पाहावी लागतात. इतकेच नव्हे, तर ती वाट समजून एखादा भलतीकडे जाण्याचाही संभव असतो.

सोवाच्या मैदानात, पांढऱ्या मिठाच्या मधोमध, कुबू नावाचे खडकाळ बेट आहे. ‘कुबू’ म्हणजे पाणघोडा. जेथे आज ओंजळभर पाणी नाही, त्या जागेला पाणघोड्याचे नाव! गुलाबी-तांबूस ग्रॅनाइटच्या शिळांतून गोरखचिंचेची प्रचंड झाडे उगवलेली आहेत. हेच झाड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वसईसारख्या ठिकाणीही आढळते. बेटाच्या उतारावर गोल, गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत. गोटे असे घासून गोल होण्यास लाटा लागतात. लाटा गेल्या, समुद्रासारखे सरोवर गेले, आणि त्याचा किनारा तेवढा राहिला. बेटावर कोणी तरी जुन्या काळी रचलेली दगडी भिंतही आहे. भोवतालच्या लोकांची या स्थानावर श्रद्धा आहे आणि जवळच्या म्मात्शुमो गावातील मंडळी त्याची देखरेख ठेवतात. तेच प्रवाशांना मुक्कामाची जागा नेमून देतात. झाडाच्या सालीवर नाव कोरू नये, दगड उचलून नेऊ नये, आणलेला कचरा परत न्यावा, असा तेथील नियम आहे. सूर्य मावळला की हवा भराभर थंड होते. प्रवासी मोटारी जवळ जवळ उभ्या करून त्यांच्या आडोशाला लहानशी शेकोटी पेटवितात, उद्यापुरते पाणी उरले आहे की नाही हे पुन्हा एकदा मोजून पाहतात, आणि निजण्यापूर्वी दिवे मालवतात. कारण तेथे चंद्र नसलेल्या रात्री तारे क्षितिजापर्यंत खाली उतरलेले दिसतात व ते पाहण्यासाठीच पुष्कळ जण एवढ्या दूरवर आलेले असतात.